ज्या पाण्यात डाळ शिजत नाही

गिझर दुरुस्तीला आलेल्या दादांनी आतली कॉइल ओढून काढली आणि बाथरूमच्या दारात अंथरलेल्या पेपरावर ठेवली. कॉइल कसली, चुन्यात बुडवून वाळवलेलं लाकूडच वाटत होतं. पान्याने ठोकलं की पांढऱ्या कपच्या सुटून पेपरावर पडत होत्या.

"किती वर्षं झाली घेऊन?"

"दीड."

"दीड वर्षात एवढं? बोअरचं पाणी दिसतंय." मग माझ्या डोक्याला गुंडाळलेल्या ओढणीकडे बघत ते म्हणाले, "आणि ताई, हेच पाणी डोक्यावर घेता?"

ही जुलै २०२३ ची गोष्ट. तोवर केसांपायी माझे बावीस हजार रुपये गेले होते आणि दार उघडताना डोक्यावर ओढणी घ्यायची सवय लागली होती. पार्लरवाली, डॉक्टर, ऑफिसातल्या मैत्रिणी, फोनवरून आई, सगळ्यांनी काही ना काही सांगितलं होतं. पाण्याचं नाव मात्र पहिल्यांदा घेतलं ते गिझरवाल्याने.

जरा मागून सांगते. माझे केस मुळात जाड, लाटा असलेले. बार्शीला माहेरी असताना आई आठवड्यातून एकदा न्हाऊ घालायची, तेव्हा वेणी मनगटाएवढी व्हायची. लग्नानंतर आम्ही पुण्यात सिंहगड रोडला भाड्याने राहत होतो. तिथे महापालिकेचं नळाचं पाणी. केसांचा विचार करायची वेळच आली नाही. २०२१ च्या शेवटी वाघोलीत स्वतःचं घर घेतलं. सोसायटीला बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. वर्षभरात केसांची रया गेली. धुतले तरी चिकट, वाळले की राठ, बोटं फिरवली की मध्येच अडकायची. मी म्हटलं, पस्तिशी उलटली, होणारच. चाळिशीकडे झुकलेल्या बाईला कुठल्याही दुखण्याचं हे एक उत्तर तयारच असतं.

डिसेंबर २०२२ मध्ये धाकट्या भावाचं लग्न निघालं. करवली म्हणून मिरवायचं आणि डोक्यावर हे गवत. घराजवळच्या पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने केसांत बोटं घातली आणि चुकचुकली. "केराटिन करून घ्या. केस प्रोटीनचेच असतात ना मॅम, आपण त्यांना प्रोटीनच देतो. फेशियलसारखं समजा." साडेसहा हजार रुपये. मी हो म्हटलं.

तो दुपारचा प्रसंग अजून नाकात आहे. केसांच्या पातळ पातळ बटा करून त्यांना क्रीम लावलं, तासभर ठेवलं आणि मग गरम पट्ट्यांच्या मशीनने एकेक बट दाबत खाली ओढायला सुरुवात केली. दर ओढीला चर्र आवाज आणि धूर. डोळ्यांतून घळाघळा पाणी. एसी चालू म्हणून दार बंद. त्या मुलीने स्वतः मास्क लावला होता, मला ओला नॅपकिन दिला. "ऑरगॅनिक आहे मॅम, थोडं झोंबतं." जे ऑरगॅनिक असतं ते डोळ्यांना कांद्याच्या चौपट कसं झोंबेल, हा प्रश्न मला पडला होता. विचारला नाही. साडेतीन तास खुर्चीत बसल्यावर माणूस प्रश्न विचारायच्या अवस्थेत राहत नाही.

तीन दिवस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेही घ्यायचे नाहीत. चौथ्या दिवशी धुतले आणि आरशात बघून मी खरंच हरखले. खोटं कशाला सांगू? रेशमाच्या लडीसारखे सरळ, हलवले की सगळे एकदम हलणारे. लग्नात तीन-चार जणींनी हात लावून पाहिला. आत्या म्हणाली, "विग तर नाही ना गं?" ते तीन महिने मी केस मोकळेच सोडत होते.

मार्च संपता संपता कंगव्यात केस जास्त यायला लागले. एप्रिलमध्ये भांगाजवळ दोन-तीन बोटं उंचीचे आखूड केस ताठ उभे राहिले, साळिंदरासारखे. मला वाटलं नवीन केस उगवताहेत. चक्क आनंदाने आईला फोन केला. आई म्हणाली, "नवीन केसाचं टोक बारीक असतं. ह्यांची टोकं कशी आहेत?" आरशाजवळ जाऊन पाहिलं. टोकं बोथट होती, कात्रीने कापल्यासारखी. उगवलेले नव्हते, तुटलेले होते.

मग सुरू झाले उपाय. अंडं लावून गरम पाण्याने डोकं धुतलं. अंडं गरम पाण्यात शिजतं ही गोष्ट रोज भुर्जी करणाऱ्या बाईला त्या क्षणी आठवली नाही, आणि पुढचा तासभर नवरा माझ्या केसांतून भुर्जी वेचत होता. कांद्याचा रस लावला, लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, "आज कुणाकडे तरी मिसळ दिसतेय." खाण्याच्या सोड्याने डोकं धुतलं, हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. केस करकरीत झाले म्हणून मी खूश, आणि वाळल्यावर हातात नारळाच्या शेंड्या. सोडा अल्कलीयुक्त, केसाचा स्वभाव आम्लाचा, हे नंतर समजलं.

मे महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्या डॉक्टरबाईंनी आधी पर्स उघडायला लावली. मी प्लास्टिकच्या पिशवीतून गुंतवळ नेलं होतं. (हे आईमुळे. बार्शीला अजून बायका गुंतवळ जमवून ठेवतात, 'केसांवर भांडीऽऽ' ओरडत येणारीला देतात आणि बदल्यात स्टीलचं काहीबाही घेतात. आईची एका पातेल्यावर नजर होती आणि माझंही गुंतवळ तिला पाहिजे होतं.) डॉक्टरांनी त्यातले पंधरा-वीस केस सुटे करून काळ्या कागदावर मांडले आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"हा बघा. या टोकाला पांढरा ठिपका आहे? हा मुळापासून गळलेला. असे रोज पन्नास ते शंभर गळतात, तुमचे, माझे, सगळ्यांचे. आता हा बघा. ठिपका नाही. हा मधूनच तुटलाय."

वीसपैकी तेरा केसांना ठिपका नव्हता.

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ११ निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्या लिहून देतानाच त्यांनी मला जमिनीवर आणलं. "माझं औषध टाळूच्या आत पोचतं, जिथे केस तयार होतो तिथे. बाहेर आलेला केस नखासारखा असतो, जिवंत नसतो. त्याला खाद्य देता येत नाही, तो बरा होत नाही. जो जळलाय तो एक दिवस कापावाच लागेल. नवीन येतोय तो तेवढा सांभाळा."

घरी येऊन मी हिशेब केला. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. माझी लांबी पन्नास सेंटिमीटर. म्हणजे पाठीवर रुळणारी टोकं चार वर्षांपूर्वीची, सिंहगड रोडच्या घरातली. त्यांनी खडकवासल्याचं पाणी पाहिलं होतं, लॉकडाऊन पाहिला होता, मग वाघोलीचं बोअर आणि शेवटी दोनशे अंशांच्या पट्ट्या. चार वर्षं वापरलेल्या कापडाला मी नव्यासारखी चकाकी मागत होते.

त्या क्रीमबद्दलही तेव्हाच वाचलं. सरळ करायच्या दोन मुख्य तऱ्हा. रिबॉन्डिंगमध्ये केसातल्या प्रथिनांचे गंधकाचे बंध रसायनाने तोडतात, केस सरळ ताणतात आणि दुसऱ्या रसायनाने पुन्हा जोडतात. केराटिन म्हणून जे करतात त्यात बहुतेक वेळा फॉर्मॅल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्यं असतात, नाहीतर ग्लायऑक्झिलिक आम्ल. तीच प्रथिनांना आडवी शिवून टाकतात. डब्यातलं 'प्रोटीन' नावापुरतं. डोळ्यांना झोंबत होता तो वायू फॉर्मॅल्डिहाइड असणार असा माझा कयास. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. आणि ग्लायऑक्झिलिक आम्लाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडच्या वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. माझा राग स्वतःवर कमी, त्या मुलीवर त्याहून कमी. ती रोज आठ तास त्याच बंद खोलीत उभी असते.

तर आता पुन्हा गिझरकडे.

दादा गेल्यावर पेपर गुंडाळताना मी दोन कपच्या बाजूला काढून ठेवल्या. त्यांनी जाताना सांगितलं होतं, "टोटीला पांढरं बसतं ना, त्यावर व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवा." मी एक कपची वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकली. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे यायला लागले. भाजी चिरून होईपर्यंत कपची निम्मी झाली, संध्याकाळी वाटीत फक्त गढूळ पाणी. लेक तेव्हा नववीत होती, ती येता जाता म्हणाली, "कॅल्शियम कार्बोनेट आहे ते. आम्ल घातलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. आम्हाला प्रॅक्टिकलला होतं." माझ्या दोन वर्षांच्या दुखण्याचं निदान पोरीच्या प्रयोगवहीत होतं.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. एकूण कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आमचं पाणी नियमात बसणारं, फक्त केसांना न मानवणारं. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊनच येतं. आईला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "आकडा कशाला? डाळ शिजते का त्यात? नाही ना? अगं, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात डोकं काय निघणार!"

डोकं निघणं. किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे डोकं 'धुतलं' याला महत्त्व नव्हतं, 'निघालं का' असं विचारायचे. बार्शीच्या घरामागच्या विहिरीचं पाणीही जडच होतं. आजी शक्यतो त्या पाण्याने न्हायची नाही. पावसाळ्यात पागोळ्यांखाली तपेली मांडायची आणि ते पाणी झाकून ठेवायची. आम्हाला तो जुन्या माणसांचा चिकटपणा वाटायचा.

मी मात्र हुशार निघाले. फिल्टरचं पाणी चांगलं, असा विचार करून आरओच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते दोन बादल्या साठवलं आणि त्याने केस धुतले. काटकसरही झाली, केसही वाचले! तीन आठवडे हा उद्योग चालला आणि केस आधीहून भयंकर. नवऱ्याने विचारलं, "मशीन क्षार काढतं म्हणजे ते जातात कुठे?" मी गप्प. आमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा चुना त्या नळीतून बाहेर येत होता आणि मी तो जपून, बादली झाकून, डोक्यावर ओतत होते.

चकाकीचं कोडं मला सासूबाईंच्या गुहागरच्या घराने सोडवून दिलं. घर कौलारू. केसाच्या वरचं आवरण तसंच असतं, एकावर एक कौलांसारखी बसलेली खवल्यांची रांग, तोंड टोकाकडे. कौलं सपाट बसलेली असली की प्रकाश आरशावरून यावा तसा एका दिशेने परततो, तीच चमक. कौलं उचकटली की प्रकाश वाटेल तिकडे फुटतो आणि एका केसाचं कौल दुसऱ्याच्या कौलात अडकतं, तोच गुंता. अल्कली, उष्णता, रसायनं आणि घासाघीस कौलं उचकटतात. जड पाण्यातलं कॅल्शियम जाऊन त्यांच्यावर बसतं. अशा छपरावर वरून कुठलंही सिरम ओता, तात्पुरती ओल दिसते एवढंच.

हे डोक्यात बसल्यावर मी काय काय लावायचं हे शोधणं सोडलं आणि काय काय थांबवायचं त्याच्या मागे लागले.

पहिलं, टर्किश टॉवेल. मी ओले केस टॉवेलमध्ये पिळून, वर बांधून, मग खसाखसा पुसायचे. ओला केस फुगलेला आणि कमजोर असतो. आता बाबांचा जुना पंचा आहे, त्यात केस वरून खाली नुसते दाबायचे. विंचरायचं ते खालून. आधी टोकाची चार बोटं, मग वर, मग आणखी वर. चाळीस वर्षं आपण भांगापासून खाली ओढत गुंता एका जागी गोळा करतो आणि मग त्याला झटका देतो, हे कुणी शिकवलं देव जाणे. बारीक दाताची फणी देव्हाऱ्यातल्या खणात गेली. जुन्या रेशमी साडीचे दोन अभ्रे शिवले.

दुसरं, शाम्पू. हा शब्द आपल्याच चंपीवरून इंग्रजांनी उचलला, पण चंपी विसरून आपण फेस तेवढा घेतला. मी मूठभर शाम्पू डोक्यावर घेऊन लांबीसकट सगळे केस धोपटायचे, धुणं आपटावं तसे. आता एका मगात दोन चमचे शाम्पू पाण्यात कालवते आणि फक्त टाळूवर ओतून बोटांच्या पेरांनी चोळते. तेल आणि घाम टाळूवर असतो, टोकांना नाही. खाली वाहून जाणारा फेस टोकांना पुरतो. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू वापरते, ते कॅल्शियम धरून ओढून नेतं.

कंडिशनरबद्दल माझा आयुष्यभर गैरसमज होता की त्याने केस गळतात. म्हणून वापरायचे नाही, वापरला तर चिमूटभर. खराब झालेल्या केसावर ऋण भार जास्त असतो, कंडिशनरमधलं द्रव्य धन भाराचं, म्हणून जिथे कौल जास्त उचकटलेलं तिथे ते जास्त चिकटतं. निसरडेपणा येतो, घर्षण कमी होतं, तुटणं कमी होतं. कानाखालच्या केसांना लावायचा, टाळूला नाही, तीन मिनिटांनी धुवायचा. माझ्या सगळ्या उपायांत सर्वांत जास्त फरक या दोनशे रुपयांच्या बाटलीने पडला. हे लिहिताना मला थोडं वाईट वाटतंय, कारण आजीच्या बटव्याने पडला असं लिहायला जास्त आवडलं असतं.

तिसरं, शेवटचं पाणी. डोकं बोअरच्याच पाण्याने धुते, कोमट. पण शेवटी दोन लिटर आरओचं, नळीतलं नव्हे, खरंखुरं पिण्याचं गार पाणी घेऊन त्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर घालते आणि हळूहळू केसांवरून सोडते. डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, इतकं पातळ असेल तर चालेल, डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि टाळूला ओरखडा असेल त्या दिवशी टाळा. पहिल्यांदा केलं त्या दिवशी केस वाळल्यावर मी सवयीने बोटं फिरवली आणि बोटं टोकापर्यंत गेली. बाथरूमच्या आरशासमोर मी ते पाच-सहा वेळा करून पाहिलं. वास? वाळेपर्यंत लोणच्याच्या बरणीसारखा, नंतर नाही.

आता शिकेकाई. ती टाळून केसांवर मराठीत लिहिता येत नाही.

दिवाळीत बार्शीला गेले तेव्हा आईने यादी काढली. शिकेकाई एक किलो, रिठा पाव, आवळकाठी पाव, नागरमोथा, गव्हला कचरा, वाळा, मूठभर मेथी, संत्र्याच्या वाळवलेल्या साली. दोन दिवस कडक ऊन दाखवलं. गिरणीवाल्या काकांनी बरणी बघूनच हात वर केले. "आत्ता नाही, रात्री गिरणी बंद करताना आण. पुढच्या दळणाला लागलं तर लोक माझ्या भाकरी मारतील तोंडावर." रात्री नऊला दळण टाकलं आणि काका, मी, गिरणीतलं पोरगं, समोरचा पानवाला, सगळे एका सुरात शिंकायला लागलो.

पहिल्या वेळी मी पूड सरळ पाण्यात कालवून थापली. शेंगेचे तुकडे चार दिवस उशीवर सांडत होते. करायचं असं की चार चमचे पूड लोखंडाच्या कढईत रात्रभर भिजवायची, सकाळी एक उकळी आणायची आणि पंच्यातून गाळून नुसतं पाणी घ्यायचं. तपकिरी, सुळसुळीत, थोडा फेस. तो फेस सॅपोनिनचा, ते वनस्पतीतलं साबणासारखं द्रव्य. साबण जड पाण्यात फुटून चिकट साय धरतो, तशी हे धरत नाही. म्हणून आजीचं डोकं निघायचं आणि अंगाच्या वडीने डोकं घासणाऱ्या काकूंचं निघायचं नाही.

पण एक सांगते. शिकेकाई कोरड्या केसांवर घातली तर केस राठ होतात. ती तेल काढायला आहे, आणि आजीच्या डोक्यात कायम तेल होतं. आपण तेल सोडलं, शिकेकाई तेवढी 'नैसर्गिक' म्हणून परत आणली, आणि मग म्हणायचं आजीचे उपाय आता लागू पडत नाहीत. मी महिन्यातून एकदाच वापरते, आदल्या रात्री तेल लावून.

तेलावरून आमच्या घरात दोन पक्ष. सासूबाई गुहागरहून घाण्याचं खोबरेल आणतात आणि जेवणापासून जखमेपर्यंत सगळ्याला तेच. "डोकं थबथबलं पाहिजे, तरच मुरतं." माझ्या टाळूला कोंडा आहे, आणि कोंड्यामागची बुरशी टाळूवरच्या तेलावरच जगते. म्हणून मी तेल टाळूला लावायचं बंद केलं, तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. समेट एका शोधनिबंधाने झाला. २००३ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ताडून पाहिलं होतं. केसांतून धुण्या-विंचरण्यात जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, तो केसाच्या आत शिरतो. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, त्यामुळे मी ते जरा सावधपणेच वाचलं. पण धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केस पाणी कमी शोषतो हे माझ्या हाताला जाणवतं. सासूबाईंना मी वाचून दाखवलं. "बघ, मुंबईच्या लोकांना पण कळलं." आता धुण्याआधी तासभर, कानाखालच्या केसांना, दोन चमचे. थबथबण्याइतकं नाही. त्या पाहतात आणि दोन चमच्यांचे गुपचूप तीन करतात.

या सगळ्याला दीड वर्ष लागलं आणि त्यातले मधले आठ-नऊ महिने दिसायला फार वाईट होते. वरून नवीन वळणदार केस, खालून पार्लरचे सपाट, मध्ये दोन्हींच्या सांध्यावर तुटणारा पट्टा. लेक म्हणायची, "वर मॅगी, खाली शेवया." दर दोन महिन्यांनी दोन-अडीच सेंटिमीटर कापायचे, तेवढेच वाढायचे, म्हणजे लांबी जिथल्या तिथे. चार वेळा मनात आलं की पुन्हा एकदा सरळ करून टाकावेत. एकदा तर पार्लरच्या पायरीपर्यंत गेले. आतून तोच वास आला आणि परत फिरले.

जून २०२४ मध्ये गच्चीवर दोन पिंपं मांडली. पहिले दोन पाऊस सोडून दिले, त्यात पुण्याची सगळी धूळ असते. तिसऱ्या पावसाचं पाणी गाळून घेतलं आणि शिकेकाईने न्हाले. व्हिनेगर नाही, कंडिशनर नाही. केस वाळल्यावर नवऱ्याला म्हटलं, हात लावून बघ. तो म्हणाला, "ओले आहेत अजून." ओले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीला बार्शीला निघण्याआधी, पार्लरचे उरलेले सगळे केस कापले. आता केस खांद्याच्या जरा खाली आहेत, पूर्वीच्या निम्मे. सरळ नाहीत. उन्हात उभी राहिले तर लाटेच्या उंचवट्यावर उजेडाची एक रेघ दिसते, मान हलवली की ती खाली सरकते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत आरोळी आली. आई लगबगीने माळ्यावरची पिशवी घेऊन ओट्यावर गेली. भांडीवालीने गुंतवळ बाहेर काढलं, हाताने झटकलं, तळहातावर वजन केलं. आईने पातेल्याकडे बोट दाखवलं. बाईने मान हलवली आणि पाटीतून एक चहाचा चमचा काढून पुढे केला. आईने घासाघीस केली, वर्षभराचं आहे म्हणाली, लेकीचंही त्यात आहे म्हणाली. शेवटी दोन चमच्यांवर तुटलं.

आई चमचे घेऊन घरात आली ती माझ्यावरच उखडलेली. "मागच्या वर्षी तुझं एकटीचं पिशवीभर व्हायचं. यंदा काय पाठवलंस? एवढूसं! गेलं माझं पातेलं."